विक्रम साराभाई, थुंबाचं रॉकेट आणि अंतराळ करारातली फट

२७ मार्च २०१९. दुपारी मी सोलापुरात नवी पेठेत एका मित्राच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. टीव्हीवर बातमी आली की भारताने आपलाच एक उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. मिशन शक्ती. सगळे खूश. दुकानातल्या शिकाऊ पोराने मात्र मला विचारलं, की सर, वर अंतराळात असं काही फोडायला चालतं का? तिथे कायदा नसतो का? मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि फिरून फिरून एकाच माणसापाशी येत राहिलो.

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातला. आम्हा सोलापूरकरांना गिरणी म्हटलं की भोंगा आणि पाळी आठवते. या माणसाने मात्र त्याच पार्श्वभूमीतून केंब्रिज गाठलं आणि विश्वकिरणांवर डॉक्टरेट घेतली. परत आल्यावर १९४७ मध्ये अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. १९६२ मध्ये मुंबईच्या होमी भाभांच्या पाठिंब्याने अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती झाली, तिचे अध्यक्षही साराभाईच.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. या चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. तिथे हवा जवळपास नाहीच, त्यामुळे स्फोटातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले, किरणोत्साराचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला आणि त्याने काही उपग्रह निकामी केले. त्यात ब्रिटनचा पहिलावहिला उपग्रहही होता. म्हणजे अंतराळात बॉम्ब फोडला तर शत्रू-मित्र सगळेच बसतात. पुढच्या वर्षी अशा चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यावर भारतानेही सही केली.

१९६३ च्या २१ नोव्हेंबरला केरळात थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं. चर्चमधलं ऑफिस, सायकलवरून नेलेले सुटे भाग, हे फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर शंभरदा पाहिले असतील. पण मला त्यापेक्षा भारी वाटते ती कागदोपत्री बाजू. रॉकेट अमेरिकेचं, आतलं उपकरण फ्रान्सचं, आणि सोव्हिएत संघानेही या तळाला संगणक व हेलिकॉप्टर दिलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना! हे जमलं, कारण तळ संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली होता: सदस्य देशांच्या शास्त्रज्ञांना खुला, फक्त शांततेच्या कामासाठी. चुंबकीय विषुववृत्त थुंबावरून जातं, म्हणून सगळ्यांनाच ती जागा हवी होती. २ फेब्रुवारी १९६८ ला तळ रीतसर संयुक्त राष्ट्रांना समर्पित झाला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात झालेल्या अंतराळाच्या शांततामय वापरावरच्या पहिल्या परिषदेत साराभाई उपाध्यक्ष होते.

आता अवघड भाग. १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोग साराभाईंकडे आला. भाभांच्या काळात अणुस्फोटाच्या अभ्यासाला सुरुवात झाली होती. साराभाईंनी ते काम थांबवलं. बॉम्बचा खर्च गरीब देशाला पेलणार नाही आणि एका स्फोटाने सुरक्षा येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आयोगातल्याच काही शास्त्रज्ञांना ते रुचलं नाही. पण त्यांना भाबडा शांततावादी समजू नका. त्यांच्याच कारकिर्दीत १९६८ साली भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करार नाकारला.

बाह्य अंतराळ करारावर मात्र भारताने ३ मार्च १९६७ ला सही केली. पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कराराचं चौथं कलम सांगतं, की अण्वस्त्रं किंवा सामूहिक संहाराची शस्त्रं पृथ्वीच्या कक्षेत ठेवायची नाहीत, आणि चंद्रावर लष्करी तळ वा शस्त्रचाचण्या नकोत. झालं, एवढंच. साध्या स्फोटकांची किंवा नुसत्या धडकेने मारणारी शस्त्रं, अंतराळातून नुसतं जाणारं क्षेपणास्त्र, जमिनीवरून उपग्रह पाडणं, यांवर चौथ्या कलमात अक्षर नाही. म्हणून अमेरिका, रशिया, चीन आणि मग आपण, चौघांनीही उपग्रह पाडून पाहिले.

दुसरी फट कागदात नाही, तंत्रज्ञानातच आहे. साराभाईंच्या काळात ज्याची आखणी सुरू झाली ते एसएलव्ही-३ रॉकेट १९८० मध्ये उपग्रह घेऊन गेलं. १९८९ मध्ये अग्नी क्षेपणास्त्र उडालं, त्याचा पहिला टप्पा त्याच एसएलव्हीचा. टोकावर उपग्रह की बॉम्ब, खालच्या इंजिनाला फरक पडत नाही. थुंबाच्या पाटीने जागेला अट घातली होती, धातूला नाही.

साराभाईंनी यातलं काहीच पाहिलं नाही. ३० डिसेंबर १९७१ ला कोवळममध्ये झोपेतच ते गेले, वय ५२. त्यांनी १९६९ मध्ये नासाशी केलेल्या करारामुळे १९७५-७६ साली २४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दिसला. विजापूर आणि गुलबर्गा जिल्हे त्यात होते, म्हणजे आमच्या सोलापूरच्या शेजारीच. माझ्या मामाच्या गावात शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या जाळीची मोठी थाळी होती. संध्याकाळी सगळं गाव शाळेपुढे बसून कानडीत शेतीचा कार्यक्रम बघायचं, असं मामा सांगतो. वर्षभराने अमेरिकेने उपग्रह परत नेला. थाळी मात्र बरीच वर्षं तिथेच गंजत पडली होती.