स्वामी कुवलयानंद
स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे (जन्म : डभोई, ३० ऑगस्ट १८८३, मृत्यू : १८ एप्रिल १९६६), हे योगसंशोधक व शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी बडोद्यात माणिकरावांकडे व्यायामविद्येचे, तर मालसरच्या माधवदासजी महाराजांकडे योगाचे शिक्षण घेतले. खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. योगक्रियांचे परिणाम केवळ श्रद्धेने न मानता क्ष-किरण व दाबमापक यंत्रांनी तपासावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापली व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाचे फळ म्हणजे केवळ जादा प्राणवायू, ही रूढ समजूत त्यांनी प्रयोगांअंती नाकारली. दम्यासारख्या जुनाट विकारांवरील योगोपचारांना त्यांच्या कार्यामुळे शास्त्रीय अधिष्ठान लाभले. आज दीर्घकालीन फुप्फुसविकारांच्या पुनर्वसनात चालण्याबरोबरच श्वसनाचे व्यायामही शिकवले जातात.