रात्र आणि सूर्य : मलिक अंबर

सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या चापू नावाच्या मुलाची बालपणीच गुलामांच्या बाजारात विक्री झाली. अनेक हात बदलून तो बगदादच्या मीर कासिमकडे आला. तेथे त्याला शिक्षण, इस्लाम धर्म आणि नवे नाव मिळाले. मराठी कानाला अंबर म्हणजे आकाश वाटते. वस्तुतः ते एका सुगंधी द्रव्याचे नाव होय. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावे देण्याची प्रथाच होती.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशी, आणि पूर्वी गुलामच. दख्खनच्या दरबारांत हबशांना मागणी होती ती त्यांना येथे सोयरेधायरे नसत म्हणून. एकाकी माणसाची निष्ठा धन्याखेरीज जाणार कोठे? चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. विजापूरच्या चाकरीत त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील मुर्तझाला परांडा येथे गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. १६१० मध्ये इंग्रज प्रवासी विल्यम फिंच ह्याने अंबरच्या फौजेत सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी असल्याची नोंद केली आहे.

इतकी सत्ता हाती असूनही एक शब्द त्याला पुसता आला नाही. १६१७ मध्ये अंबरला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक सांगतो, की मुर्तझाच्या थोरल्या, गोऱ्या इराणी राणीने भांडणाच्या भरात अंबरच्या मुलीला गुलाम बटीक म्हणून हिणविले. ही गोष्ट बापाच्या कानी गेली आणि सुलतान व राणी दोघांनाही विष देण्यात आले. हे कृत्य क्रूरच होते, आणि त्यात राजकीय सोयही होती. तथापि ठिणगी कोणत्या शब्दाने पडली हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

जहांगीर बादशहाची अंबरशी कधीही भेट झाली नाही. तरीही आपल्या आत्मवृत्तात तो त्याला काळतोंड्या, दुर्दैवी अशा विशेषणांवाचून सहसा उल्लेखीत नाही. फारसीत काळे तोंड म्हणजे अप्रतिष्ठा; मराठीतही तोंडाला काळे फासतात. अंबरच्या बाबतीत मात्र हा वाक्प्रचार शब्दशः वर्णनही ठरला आणि भाषेतील जुन्या रूपकाने वर्णद्वेषाचे काम अनायासे केले. सुमारे १६१६ च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन ह्याने एक चित्र रंगविले : बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. मस्तकावर घुबड आहे, आणि सोबतच्या फारसी ओळी त्या मुखाच्या रंगाला रात्रीची उपमा देतात. रणांगणात न मिळालेले हे मस्तक त्यानंतर दहा वर्षे आपल्या धडावरच होते.

१६२४ मध्ये भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूर ह्यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. ह्या लढ्याचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यात येते. तेथे अंबर सूर्यासारखा पराक्रमी आहे, आणि तारकासुराशी लढणाऱ्या कार्तिकेयाभोवती देव जमावेत तसे शहाजी व इतर राजे त्याच्याभोवती जमले आहेत. परमानंद शहाजींच्या पुत्राच्या आश्रयाने लिहीत होता, तेव्हा ही स्तुती सर्वस्वी निरपेक्ष नव्हे. परंतु ज्या माणसासाठी एका दरबाराला रात्र सुचली त्याच्यासाठी दुसऱ्याला सूर्य सुचावा, ही गोष्ट भारतीय वाङ्मयांच्या तौलनिक अभ्यासात अधिक विचार करण्याजोगी आहे.

१६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, अंबर मरण पावला. तेव्हा जहांगीरचाच इतिहासकार मुतमदखान ह्याने युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती असे मान्य केले. मात्र हबशी गुलाम इतक्या पदाला चढल्याचे दुसरे उदाहरण नाही, ही पुस्तीही जोडली. स्तुतीचे मापही गुलामाचेच राहिले.

खुलताबादला त्याची कबर आहे. त्याने वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. मराठी मुलुखाच्या महसुली परिभाषेत मात्र त्याचे नाव दीर्घकाळ टिकले ते जमीनधाऱ्यामुळे : मलिकअंबरी धारा.