रेव्हरंड टिळकांचा देवाचा दरबार

आषाढी एकादशीच्या या पुण्यदिनी आम्ही एका ख्रिस्ती कवीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे जे आवर्जून सांगत, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण आज अप्रस्तुत ठरू नये. आपल्या दिव्याहून गाडी ज्या कोकणाकडे जाते, त्याच कोकणचे ते सुपुत्र.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मातोश्री जानकीबाई भाविक, वडील अतिशय कठोर. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही काळ विठोबाच्या पंढरपुरातच नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० साली ख्रिस्ती झाल्या. हा सारा वियोग ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यापुढचे.

ज्या मंडळीसाठी टिळकांनी घरदार आणि गोत सोडले, ती तरी कशी होती? अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते. शतकाअखेरच्या दुष्काळांत मिशनने अनेक निराधारांस आसरा दिला, हे ऋण कोणीही मान्य करील. संख्या वाढली, पण अंतरीचा ओलावा वाढला नाही. कारभार परक्यांच्या हाती, उपदेशक पगारी, पुष्कळशी गीते विलायती चालींवर. धर्म ही जणू एक नोकरी होऊन बसली होती. अशा कोरड्या पडत चाललेल्या मंडळीत भक्ताने जिवंत राहावे कसे?

टिळक निंदा करीत बसले नाहीत. त्यांनी अभंग व ओव्या रचल्या आणि भजन-कीर्तनाला उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. नगरास ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीही होत असे. परंतु त्यात मराठी हृदयाचा उमाळा आला तो टिळकांच्या वाणीने, असे आम्हांस वाटते. १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची सवय मात्र गेली नाही. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तरीही त्यांचे समाधान होईना. पगाराच्या आधाराने उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही, ही खंत दिवसेंदिवस तीव्र होत गेली. अखेर १९१७ साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावाने बसावेत, अशी त्यांची योजना होती. मंडळीशी वैर धरून हा संसार थाटलेला नव्हता. तिच्यातच नवा प्राण फुंकावा, हा हेतू होता. मिशनमधील कित्येकांस हे साहस रुचले नाही. ज्यांच्यासाठी एकदा आप्त दुरावले, त्यांच्यातही एकटे पडण्याची ही पाळी होती.

दरबाराला दोन वर्षेही धड लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. इस्पितळात टिळकांनी देह ठेवला. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या पार्थिवाचे दहन झाले आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या. दरबारही त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. कधीकाळी शिवाशिवीच्या धास्तीने पतीच्या धर्मापासून दूर राहिलेल्या त्या माउलीने त्याचे साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांतून आजही दर रविवारी गाइली जातात.