जयचामराजेंद्र वाडियार : शिकारीच्या रानातून अभयारण्याकडे

म्हैसुरू : शिकार हा राजेपणाचा अलंकार मानला जाणाऱ्या काळात जन्मलेल्या आणि स्वतः निष्णात नेमबाज असलेल्या एका राजाकडे स्वतंत्र भारताने वन्यजीव रक्षणाचे पहिले राष्ट्रीय उत्तरदायित्व सोपवले. म्हैसूर संस्थानचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचे चरित्र या विसंगतीमुळे आजही अभ्यासकांना खुणावते. संगीतज्ञ आणि तत्त्वचिंतक म्हणून ते विख्यात आहेत. बंदीपूरच्या अरण्याशी जोडलेला त्यांच्या जीवनाचा अध्याय मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

जयचामराजेंद्र यांचा जन्म १८ जुलै १९१९ रोजी झाला. युवराज कंठीरव नरसिंहराज वाडियार यांचे ते एकुलते एक पुत्र. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून १९३८ मध्ये त्यांनी पदवी संपादन केली. १९४० हे वर्ष राजघराण्यासाठी दुहेरी आघाताचे ठरले. प्रथम वडिलांचे आणि पाठोपाठ चुलते, महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभाराची धुरा हाती घेतली.

त्यांना मिळालेल्या वारशात राजवाडे आणि खजिना होता, तशीच घनदाट अरण्येही होती. आजोबा चामराजेंद्र वाडियार यांनी १८९२ मध्ये म्हैसूरमध्ये प्राणिसंग्रहालय स्थापन केले होते. काकनकोटेच्या जंगलात रानटी हत्तींचे कळप खंदकांनी वेढलेल्या आवारात हाकून पकडण्याची ‘खेड्डा’ पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली होती आणि व्हाइसरॉयसारख्या पाहुण्यांसाठी तो मोठा सोहळा असे. बंदीपूरचे रान तर राजघराण्याचे राखीव शिकारक्षेत्रच होते.

मात्र संरक्षणाचा विचारही याच भूमीत अंकुरत होता. बंदीपूर येथे सुमारे ९० चौरस किलोमीटर क्षेत्र १९३१ मध्येच अभयारण्य म्हणून राखण्यात आले होते. मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३९-४० मध्ये संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रातील बेटांवर बगळे, करकोचे आणि चमचे यांची विणीची वसाहत पाहून त्यांनी तिच्या रक्षणाचा आग्रह धरला आणि १९४० मध्ये रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य घोषित झाले. जयचामराजेंद्र गादीवर आल्यानंतर १९४१ मध्ये बंदीपूरच्या संरक्षित क्षेत्राचा विस्तार सुमारे ८०० चौरस किलोमीटरपर्यंत करण्यात आला. गोपालस्वामी बेट्टावरील देवतेवरून त्यास वेणुगोपाल वन्यजीव उद्यान असे नाव देण्यात आले.

या निर्णयांमुळे महाराजांची बंदूक म्यान झाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पिसाळलेले हत्ती आणि नरभक्षक वाघ यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांना पाचारण केले जात असे आणि त्यांनी टिपलेल्या प्राण्यांची मुंडकी राजवाड्यात मांडलेली होती. शिकारीमुळे रानाची खडान्‌खडा ओळख असलेला हा माणूस त्याच रानाच्या ऱ्हासाचाही साक्षीदार होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थान भारतात विलीन झाले. संस्थानांच्या अस्तासोबत राखीव शिकारक्षेत्रांवरील पहारा सैल झाला. शेतीसाठी जंगलतोड, जीपगाड्या आणि सहज मिळणाऱ्या बंदुका यांमुळे देशभर वन्यप्राण्यांची धूळधाण होऊ लागली. राजाचे रान आता कोणाचे आणि ते राखायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी केंद्र सरकारने १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळाची स्थापना केली आणि अध्यक्षपद जयचामराजेंद्र यांच्याकडे दिले. मंडळाची पहिली बैठक त्याच वर्षी म्हैसूर येथे झाली. देशातून चित्ता नामशेष झाल्याची घोषणाही १९५२ मधलीच. ज्या वर्षी एक प्राणी कायमचा गमावल्याची कबुली देण्यात आली, त्याच वर्षी उरलेल्यांच्या रक्षणासाठी संपूर्ण देशाला कवेत घेणारी संस्था उभी राहिली.

पुढे ते म्हैसूर राज्याचे राजप्रमुख, १९५६ पासून राज्यपाल आणि १९६४ ते १९६६ या काळात मद्रासचे राज्यपाल राहिले. कर्नाटक संगीतात त्यांनी ९४ कृती रचल्या. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी अर्थसाह्य केले. महाराष्ट्राशी एक धागा श्रद्धेचाही आहे: दत्तात्रेयांच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत कायद्याने वेग घेतला. व्याघ्रशिकारीवर १९७० मध्ये देशव्यापी बंदी आली. काकनकोटेचा शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटासोबत बंदीपूरचा समावेश झाला. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९७४ रोजी, महाराजांचे निधन झाले.

आज बंदीपूर आणि शेजारचे नागरहोळे हे १९८६ मध्ये घोषित झालेल्या निलगिरी जीवावरण क्षेत्राचा भाग आहेत. २०२२ च्या गणनेनुसार बंदीपुरात १५०, तर नागरहोळेत १४१ वाघ आहेत. कर्नाटकातील हत्तींची संख्या २०२३ च्या राज्य गणनेत ६,३९५ इतकी नोंदली गेली. रंगनतिट्टूला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला.

तरीही संकटे सरलेली नाहीत. २०१९ मध्ये बंदीपुरात मोठा वणवा भडकला. रानातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्रीच्या वाहतुकीस बंदी आहे आणि ती उठवण्याची मागणी अधूनमधून होत असते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्यांना हत्तींपासून पीक आणि जीव दोन्ही सांभाळावे लागतात. महाराजांच्या काळात रान राखण्यासाठी एका राजाचा हुकूम पुरेसा होता. आता त्यासाठी सरकार, न्यायालय, वनरक्षक आणि रानालगतची गावे या सर्वांची संमती मिळवावी लागते.