‘कलर’मधला ‘यू’ उडवणारा नोहा वेबस्टर कोण होता?

भिवंडीतला पोरगा शाळेत ‘कलर’चं स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-यू-आर असं घोकतो. पुढे इंजिनिअर होतो, अमेरिकेत एमएस करायचं ठरवतो आणि जीआरईच्या अभ्यासाला बसतो. तिथल्या पुस्तकात मात्र हाच शब्द ‘यू’शिवाय छापलेला दिसतो. मग धाकधूक सुरू होते. निबंधात शाळेतलं स्पेलिंग लिहिलं तर मार्क जातील का?

हा घोळ समजून घ्यायचा तर नोहा वेबस्टर या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे.

वेबस्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ चा. गाव कनेटिकटमधलं वेस्ट हार्टफर्ड, घर शेतकऱ्याचं. पोराला येल कॉलेजात शिकवायला वडिलांनी शेत गहाण टाकलं. १७७८ साली तो पदवीधर झाला, वकिलीही शिकला. पण हातात पैसा नव्हता, म्हणून मास्तरकी धरली.

तेव्हा अमेरिका इंग्रजांशी स्वातंत्र्याचं युद्ध लढत होती, आणि शाळेतली पोरं इंग्लंडचीच पुस्तकं वाचत होती. वेबस्टरला हे खटकलं. देश वेगळा झाला तर भाषाही आपली हवी, असं त्याचं मत पडलं. १७८३ मध्ये त्याने स्पेलिंग शिकवणारं पुस्तक काढलं. निळ्या कव्हरचं हे पुस्तक घरोघरी पोहोचलं आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावरच वाचायला शिकल्या.

मग गडी आणखी पुढे गेला. बोलतो तसंच लिहायचं, असा त्याचा आग्रह. ‘टंग’साठी टी-यू-एन-जी आणि ‘विमेन’साठी डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन अशी स्पेलिंगं त्याने सुचवली. लोकांनी खिल्ली उडवली आणि ती काही रुजली नाहीत.

पण १८०६ च्या त्याच्या छोट्या डिक्शनरीतले बरेच बदल टिकले. ‘कलर’ आणि ‘ऑनर’मधला ‘यू’ गेला. ‘सेंटर’च्या शेवटी ‘आर-ई’चं ‘ई-आर’ झालं. ‘डिफेन्स’मध्ये ‘सी’च्या जागी ‘एस’ आला. गंमत म्हणजे यातली सगळी रूपं त्याने शोधलेली नव्हती. ‘यू’ नसलेलं ‘कलर’ इंग्लंडमध्येही पूर्वी लिहिलं जायचं. तिकडे सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीने ‘यू’वालं रूप पक्कं केलं, इकडे वेबस्टरने दुसरं उचललं. भारतात इंग्रजी शिक्षण आणलं इंग्रजांनी, त्यामुळे आपल्याकडे ‘यू’ राहिला.

१८०७ मध्ये त्याने मोठ्या डिक्शनरीचं काम हाती घेतलं. शब्दांची मुळं शोधायला वीसहून अधिक भाषा अभ्यासल्या, त्यात संस्कृतही होती. अमेरिकन इंग्रजीची ही डिक्शनरी लिहून संपली ती १८२५ मध्ये, इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये! १८२८ ला ती छापून आली तेव्हा वेबस्टर सत्तरीचा होता. त्यात सुमारे ७०,००० शब्द होते. किंमत २० डॉलर, त्यामुळे खप बेताचाच. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने राहतं घर गहाण टाकलं. २८ मे १८४३ रोजी तो वारला. नंतर मेरियम बंधूंनी हक्क विकत घेतले आणि मेरियम-वेबस्टर हे नाव जगभर झालं.

थोडक्यात, लोकांनी जे उचललं ते बरोबर ठरलं, जे नाकारलं ते चूक. आपल्याकडेही १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून आधीचं लिहिणारे अडाणी ठरत नाहीत.

आता जीआरईचं. निबंध एकच, वेळ ३० मिनिटं, आणि चुका दाखवणारा स्पेलचेक नसतो. गुण ० ते ६ मध्ये मिळतात आणि भर असतो तो मुद्दा कसा मांडला, कारणं आणि उदाहरणं कशी दिली यावर. स्पेलिंगला वेगळे मार्क नाहीत. त्यामुळे शाळेतली सवय मोडण्यात वेळ घालवू नका. फक्त एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा आणि ती अर्धी तास मुद्द्याला द्या.