देवळालीच्या मास्तरांचा लूप

६१७४ हा आकडा माहीत आहे ना? तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्मले. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढची डिग्री नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर राहिले, पण आकड्यांचा नाद काही सुटला नाही.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. पुन्हा तेच. ३५२४ वरून ३०८७, ८३५२ आणि ६१७४! जास्तीत जास्त सात फेऱ्या, मग तोच आकडा फिरत राहतो. म्हणजे चक्क लूपच की!

शाहूपुरीतल्या रूमवर आम्ही हे मॅटलॅबमध्ये केलं. रूम पार्टनरने ए१, ए२ पासून ए७ पर्यंत सात व्हेरिएबल्स केली. लूप चालेना. चालणार कसा? नावातला आकडा हा नावाचाच भाग, तो लूपला बदलता येत नाही. मी म्हटलं, एकच अ‍ॅरे घे, आकडा कंसात इंडेक्स म्हणून टाक. सात ओळींचं काम एका ओळीत झालं.

मास्तरांनी मात्र हे सारं हातानेच केलं. अनेक गणितज्ञांनी त्यांना मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले. एटीकेटीने खचलेल्यांनी आज रात्री एक चार अंकी संख्या घेऊन बघाच!