महात्मा जोतीराव फुले आणि त्यांचे गंज पेठेतील घर

पुण्याच्या जुन्या गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ असे नाव आहे, जोतीराव गोविंदराव फुले यांचे घर उभे आहे. लोक त्यास फुलेवाडा म्हणतात. वाडा हा शब्द ऐकून आपल्या नाशिकच्या सरकारवाड्यासारखी भव्य दगडी इमारत ज्यांच्या डोळ्यांसमोर येत असेल, त्यांची तेथे गेल्यावर थोडी निराशा होईल. बेताच्या उंचीच्या खोल्या, लहानसे अंगण, पाण्याची जागा आणि मागील बाजूस एक तुळशीवृंदावन, एवढाच त्याचा विस्तार. ज्या पुरुषाचे नाव महाराष्ट्रातील गावोगावच्या चौकांस आणि शाळांस दिले गेले, त्याचे राहते घर एवढेसे असावे याचे नवागतास आश्चर्य वाटते. परंतु जोतीरावांचे चरित्र समजून घ्यावयाचे तर हे घरच सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, आणि ते आपल्या हातून कसे निसटता निसटता राहिले हेही त्या चरित्राचेच एक प्रकरण होय.

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीरावांचे आजोबा शेटिबा हे पुढे पुरंदर भागातील खानवडीस आले व त्यांच्या मुलांनी पुण्यात फुलांचा धंदा पत्करला. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या कामावरून फुले हेच आडनाव रूढ झाले. ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांस वर्षाच्या आतच मातृवियोग घडला आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचे संगोपन केले. मुलास शाळेत घातल्यावर लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी त्यास काढून घेऊन मळ्याच्या कामास लावले. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली त्यांस पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पाठविण्यात आले. त्यापूर्वीच, १८४० साली, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात या दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, ही हकीकत आपल्या प्रत्येक घरी सांगितली जाते. त्यापुढची हकीकत मात्र आपण सहसा सांगत नाही. शाळेचा बोभाटा झाल्यावर गोविंदरावांवर समाजाचे दडपण आले आणि १८४९ साली त्यांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. हे दडपण केवळ परक्यांचे होते असे मानण्यात अर्थ नाही. आपल्या ज्ञातीतील मंडळीही तेव्हा जोतीरावांच्या बाजूस नव्हती. ज्या पुरुषाच्या तसबिरीस आपण आज प्रत्येक समारंभाच्या आरंभी हार घालतो, त्यास आपल्याच माणसांनी उंबऱ्याबाहेर उभे केले होते, हे स्मरणिकेच्या पानावर लिहून ठेवलेले बरे.

म्हणूनच पुढे जोतीरावांनी आपल्या घराचे दार कसे वापरले, याकडे लक्ष द्यावे. १८५६ च्या सुमारास रात्रीच्या वेळी दोन मारेकरी त्यांच्या घरात शिरले. दोघेही गरीब, पैशाच्या आशेने आलेले. जोतीराव त्यांच्याशी निर्भयपणे बोलले आणि दोघांचेही मन पालटले. त्यांतील एक, धोंडीराम नामदेव कुंभार, पुढे विद्वान होऊन त्यांच्याच कार्यात सामील झाला. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. या स्त्रिया बहुधा उच्च म्हणविणाऱ्या घराण्यांतील असत, कारण पुनर्विवाहाची बंदी तेथेच कडक होती. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. लहानशा घरात परक्यांची बाळंतपणे काढणे म्हणजे काय, हे आपल्या भगिनींस निराळे सांगावयास नको. पाणी तापविणे, धुणी, रात्रीची जागरणे हे सारे सावित्रीबाईंच्या वाट्यास आले असणार.

१८६८ साली गोविंदराव वारले. त्याच वर्षी जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. आपण नाशिककरांनी या सालाशेजारी दुसरे एक साल ठेवून पाहावे. २ मार्च १९३० रोजी आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्या परिश्रमाने सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला आणि तरीही ते दार त्या वेळी उघडले नाही. गंज पेठेतील हौद त्याच्या बासष्ट वर्षे आधी उघडला होता. बाबासाहेबांनी जोतीरावांस गुरुस्थानी मानले व शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील १९४६ चा आपला ग्रंथ त्यांस अर्पण केला, यात नवल नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि गुलामगिरी हा ग्रंथही त्याच वर्षीचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीवाचून पहिला सत्यशोधकी विवाह लागला. या काळात जोतीराव निर्धन होते असे समजू नये. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, येरवड्याच्या पुलास दगड पुरविणे यांसारखी कामे त्यांनी केली होती आणि पैसा कसा मिळतो व कोठे झिरपतो हे ते पुरते जाणून होते. इमारती बांधणाऱ्या या मनुष्याने स्वतःसाठी हवेली बांधली नाही. मिळविलेले शाळा, आश्रित आणि छपाई यांत गेले.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लोक त्यांस सुधारक म्हणून ओळखतात, परंतु लोकप्रतिनिधी म्हणून त्यांनी बजावलेली कामगिरी आपल्या तरुणांनी अवश्य अभ्यासावी. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध नोंदविला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. कांदा व द्राक्षे पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांस त्यातील कर्ज, पाणी व कारकुनी यांच्या जाचाची वर्णने आजही परकी वाटणार नाहीत.

११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांस महात्मा ही पदवी दिली. पुढच्याच महिन्यांत पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ साली छापले गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. आपला देह दहन न करता मिठात पुरावा अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नमूद केली होती आणि घरामागे त्यासाठी जागाही खोदून ठेवली होती. वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या पालिकेचे ते सहा वर्षे सभासद होते तीच ही पालिका. शेवटी दहन करावे लागले. दत्तक पुत्राच्या हक्काविषयी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. अस्थी घरी आणून त्याच खोदलेल्या जागी ठेवण्यात आल्या. मागील अंगणातील वृंदावन ते हेच.

१० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. डॉक्टर झालेला यशवंत १९०६ साली निवर्तला. मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीस कोणाचा आधार उरला नाही आणि घर अल्प किमतीस विकले गेले. महात्म्याच्या सुनेवर ही पाळी येत असता समाज काय करीत होता, असा प्रश्न मनात येतो. पुढे हे घर सावता माळी फ्री बोर्डिंगकडे आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. शिकावयास आलेल्या मुलांच्या संस्थेने ते घर हाती घेतले, यात एक औचित्यही आहे. १९७२ साली राज्य शासनाने त्यास संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले. त्या जागेस आता समताभूमी म्हणतात आणि जयंतीस व पुण्यतिथीस दूरदूरचे लोक तेथे येतात.

बुधवार पेठेतील भिडेवाड्याचे नशीब निराळे ठरले. तेथे दुकाने व भाडेकरू होते, दावे वर्षानुवर्षे चालले, लाकूड कुजत गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा इमारत राखण्याजोगी उरली नव्हती. डिसेंबरात ती पाडून तेथे नव्या स्मारकाचे काम हाती घेण्यात आले. नवे स्मारक सुंदर होईलही, पण मुली ज्या पायऱ्या चढून शाळेत गेल्या त्या पायऱ्या आता कोणास दाखविता येणार नाहीत. माती, लाकूड व कौले यांचे घर दरसाल मशागत मागते. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी लागतात, वाळवी पाहावी लागते, गिलाव्यात सिमेंट न घालता चुनाच वापरावा लागतो, कारण सिमेंटाने ओल आत कोंडते. जुन्या नाशकातील वाडे पावसाळ्यात ढासळतात ते एका वर्षाच्या पावसाने नव्हे, वीस वर्षांच्या दुर्लक्षाने.

अलीकडे फुलेवाडा व त्याजवळचे सावित्रीबाईंचे स्मारक जोडून परिसर मोठा करण्याची योजना पुढे आली आहे. गर्दी पाहता जागा हवी हे खरे. तथापि आजूबाजूस राहणारी कुटुंबेही कष्टकरीच आहेत, त्यांचे पुनर्वसन नीट व्हावे. आणि मूळ घराचे लहानपण झाकले जाईल अशी भव्यता त्यास चिकटवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो हौद, ते अंगण आणि ती मागील जागा एका दृष्टिक्षेपात दिसतात, हेच त्या घराचे मोल आहे.

आपल्या जिल्ह्यातही सत्यशोधक विचारांची घराणी होती. नेवासे तालुक्यातील तरवडीहून मुकुंदराव पाटील यांचा दीनमित्र निघत असे, तो आपल्याकडील कित्येक घरांत येत असणार. जुने घर उतरविण्यापूर्वी सभासद कुटुंबांनी माळ्यावरच्या ट्रंका उघडून पाहाव्यात. जुने अंक, सत्यशोधकी लग्नाच्या पत्रिका, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे असे काही सापडल्यास रद्दीत न देता मंडळाच्या कार्यवाहांस कळवावे. मूळ कागद कुटुंबाकडेच राहील, मंडळ केवळ त्याची प्रत करून घेईल. आणि घर उतरवावेच लागत असेल, तर निदान त्याचे मोजमाप व चारी बाजूंची छायाचित्रे पहिली पहार पडण्यापूर्वी घेऊन ठेवावीत.